अवोकॅडोच्या खोडातलं भोक

मिग्दालियाने पडद्यावरचा रेणू माउसने पुन्हा एकदा फिरवला. प्रथिनाच्या खाचेत तो घट्ट बसला होता. रेणूचा एक तुकडा काढायचा, दुसरा जोडायचा आणि आता बसेल का म्हणून संगणकाला विचारायचं, यात तिची वर्षं गेली होती. या वेळी संगणक हो म्हणाला होता.

विल्फ्रेदो खुर्ची ओढून शेजारी बसला. तिने पडद्यावर रचलेलं दम्याचं औषध प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवून तपासायचं, हे त्याचं काम. एरवी आल्या आल्या तिच्या पाणचट कॉफीची टर उडवणारा माणूस आज गप्प होता, तेव्हाच तिला कळायला हवं होतं. आवळलेली श्वासनळी औषधाने सैल झालीच नाही, असं त्याने सांगितलं. पुन्हा करून बघितलं, तरी तेच.

"खाचेत पाण्याचे रेणू असतात," तो हळूच म्हणाला. "ते तू काढलेस?"

"सगळेच काढतात."

"काढतात. पण परत घालूनही बघतात गं."

तिनेही बघितलं होतं. पाणी असलं की औषध बसत नव्हतं, म्हणून तिने पाणी बाहेरच ठेवलं. त्या वेळी तिला ते खोटं वाटलं नव्हतं. अडलेल्याला थोडी जागा करून दिली, एवढंच वाटलं होतं. आता या औषधाचं काम थांबवावं लागेल, असं विल्फ्रेदो म्हणाला, आणि तिने मान डोलावली.

काग्वास शहरातल्या घरी परतताना आभाळ मातकट झालं होतं. सहारा वाळवंटाची धूळ दर उन्हाळ्यात समुद्र ओलांडून त्यांच्या बेटावर येते आणि पोरांच्या छातीत जाऊन बसते. मिग्दालियाच्या मुलीला, यानिराला, दम्याचा नेहमीचा पंप धड लागू पडत नसे. बेटावरच्या पुष्कळ पोरांची तीच रड. मग स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी जीव वाचे, पण चेहरा सुजे आणि उंची अडून बसे. गेल्याच आठवड्यात दवाखान्यात तिला मापपट्टीशी उभं केलं होतं. वर्षभरात पोर बोटभरही वाढली नव्हती.

मिग्दालियाची आई, दोन्या प्रोवी, हिचा इलाज वेगळा. तिने गेल्या वर्षी यानिराला परसातल्या अवोकॅडोला टेकवून उभं केलं, डोक्याच्या उंचीवर गिरमिटाने भोक पाडलं, त्यात तिच्या केसांची बट कोंबून वर मेण लावलं. पोरीचं डोकं भोकाच्या वर गेलं की दमा झाडात राहतो. मिग्दालिया तेव्हा पोट धरून हसली होती. आई शांतपणे म्हणाली होती, "तुझा संगणक बरं करील तेव्हा करील. तोवर झाड आहे."

आज ती फाटकातून आत आली तर यानिरा झाडाला टेकून ताठ उभी होती. श्वासागणिक छातीत शिट्टी वाजत होती, पण चेहरा फुललेला.

"आई, बघ ना! भोक माझ्या कानाशी आलंय. आता दमा जाणार."

मिग्दालियाने बघितलं. भोक खरंच कानाशी होतं. मग तिची नजर खाली गेली. बुंध्याशी, पोरीच्या पायांखाली, माती उंच झाली होती, ताजी, नीट थापलेली. दोन्या प्रोवी दारात उभी राहून ॲप्रनला हात पुसत होती, आणि तिच्या नखांत काळी माती होती. मिग्दालियाकडे ती बघत नव्हती.

मिग्दालियाने यानिराच्या केसांवरून हात फिरवला.

"वाढलीस हो," ती म्हणाली. "जा, आत जाऊन पंप घे."

यानिरा आत गेली.

"पोरगी रोज विचारायची गं," दोन्या प्रोवी पुटपुटली. "काय सांगू तिला?"

मिग्दालियाने बुटाच्या टाचेने माती दाबून बघितली. ती भुसभुशीत होती, एका सरीत वाहून गेली असती.

"नुसती माती घालू नकोस आई," ती म्हणाली. "खाली दगड घालायला हवेत."

आणि बाह्या सारून ती टाकीमागचे दगड आणायला गेली.