फुंकरबाबांचा गुलाबी फुगा

शिवणकारखान्यातली मधली सुट्टी म्हणजे डबे उघडायची वेळ. पण त्या दिवशी एकाही बाईनं डबा उघडला नव्हता. सगळ्या मशिनी गप्प होत्या आणि त्यांच्यावर बसणाऱ्या बायका कापायच्या टेबलाभोवती माना उंचावून उभ्या होत्या, कारण टेबलावर साक्षात फुंकरबाबा विराजमान झाले होते. एरवी त्या टेबलाला कुणी कोपर टेकलं तरी कटिंग मास्तर अंगावर यायचे. आज त्यांनीच बाबांखाली मखमल अंथरली होती.

“बायांनो, खिडक्यांना काळा कागद कशाला लावलाय?” बाबांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला.

“उन्हानं कापडाचा रंग उडतो म्हणून.”

“मेल्या कापडाचा रंग खाणारं ऊन पोटातल्या जिवंत बाळाचा श्वास सोडेल?”

वा रे तर्कशास्त्र! बाळ म्हणजे जणू कच्च्या रंगाचं पोलकं! पण रंग उडालेलं कापड सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे पुढचंही दोन महिन्यांपूर्वी, पहिल्याच भेटीत पटलं होतं. सगळ्यात जास्त पटलं होतं इस्त्रीवालीला. तिचा तीन वर्षांचा नातू जरा पळाला की छाती सूं सूं वाजायची. आता सुनेला, तिथेच काजं करणाऱ्या पोरीला, पुन्हा सातवा महिना लागला होता. या बाळाची छाती तरी धड निघावी, एवढंच तिचं मागणं. म्हणून बाबांच्या हुकमावरून तिनं दोन महिने सुनेला उन्हाचं तोंड पाहू दिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्याही केरात टाकल्या होत्या.

आज बाळाच्या फुप्फुसांची परीक्षा होती. सुनेनं मंतरलेल्या पाण्याच्या बाटलीत फुंकर मारली. बाबांनी पांढरं भस्म भरलेला गुलाबी फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवला, डोळे फिरवले, “प्राणा, ये!” म्हणून ओरडले आणि फुगा उभा केला. भस्म खाली पडलं, पाणी फसफसलं, फुगा टम्म फुगला.

“भरली! फुप्फुसं भरली!”

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी फुगा काढला आणि बाटली इस्त्रीवालीकडे दिली. “सुनेला दोन घोट पाज.”

तिनं बाटली सुनेच्या ओठांशी नेली आणि तिचा हात थांबला. वास दबावा म्हणून बाबांनी धुपाच्या धुराचा लोट सोडला होता खरा, पण पँटची घडी पक्की बसावी म्हणून दिवसभर व्हिनेगरचं पाणी मारणाऱ्या बाईच्या नाकाला कोण फसवणार?

“बाबा, हे तर व्हिनेगर आहे!”

“पाप्यांना तसाच वास येतो!”

“असं का? मास्तर, तुमचा पित्तावरचा सोडा द्या जरा.”

मास्तरांनी गोंधळून खणातला खाण्याचा सोडा दिला. तिनं तो बाबांच्याच पिशवीतल्या फुग्यात भरला आणि आपली व्हिनेगरची बाटली मास्तरांपुढे धरली. “मारा फुंकर.” मिशीवाल्या मास्तरांनी फुंकर मारली. तिनं फुगा बसवून उभा केला. तोही टम्म!

“अभिनंदन, मास्तर! बाळ अगदी ठणठणीत आहे!”

खोलीभर हशा पिकला. “माझी शक्ती खोलीत भरून राहिलीय,” बाबा गुरगुरले.

“मग तुम्ही जरा बाहेर थांबा. पुन्हा करून बघू.”

बाबा बाहेर गेले. फुगा पुन्हा फुगला. बाबा मात्र परत आले नाहीत. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की वायू सुटतो, त्याला ना बाबा लागतो ना बाळ.

सगळ्या हसत होत्या, पण सून हसत नव्हती. “आई, माझे दोन महिने?” एवढंच ती म्हणाली. इस्त्रीवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ती सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. “बाई, पुड्या मी फेकल्या. तिच्याकडे बोट नको.”

डॉक्टरीणबाईंनी ओरडण्यात वेळ घालवला नाही. सुनेचं रक्त तपासायला घेतलं आणि सांगितलं, “कातडीवर ऊन पडलं की शरीर ‘ड’ जीवनसत्त्व तयार करतं. आईला ते फार कमी पडलं, तर बाळाच्या फुप्फुसांची वाढ मागे पडू शकते. पुढे छाती वाजण्याशीही त्याचा संबंध दिसतो. हा अभ्यास अजून चालू आहे. पण कमतरता भरून काढता येते, आणि अजून वेळ आहे. मात्र डोस मी सांगेन तेवढाच.”

“मग बाळाची छाती चांगली निघेल ना?”

“वचन नाही देता येणार. प्रयत्न करू.”

इस्त्रीवाली थोडी खट्टू झाली. बाबांनी छातीठोक वचन दिलं होतं! मग तिच्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत ‘मला पूर्ण ठाऊक नाही’ असं म्हणणारं हे पहिलंच माणूस भेटलं होतं. आणि सुनेचं रक्त तपासणारंही पहिलंच.

म्हणून वाचकहो, पोटातल्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा चमत्कार करणाऱ्याला आधी विचारा, “कशावरून?” उत्तराऐवजी शाप मिळाला, तर सरळ उठा आणि दवाखाना गाठा. बाळाला स्वतः विचारता येत नाही. त्याच्या वतीनं आपणच विचारायचं असतं.