हलेना तो आलेख

वाचनालयाच्या बाईंच्या पत्राला मी लाजेपोटी उत्तरच दिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं: "वाचक वाढलेत, पण तुम्ही करून दिलेल्या स्लाइडवरचा आकडा आम्हाला बदलता येत नाही. अनुदानाच्या सभेत जुनाच दिसला, तर वाचनालय बंद होईल."

शेवटी नातीला ती स्लाइड बनवणारा माझा कोड दाखवला.

"आजोबा, तुम्ही आलेखाचा फोटो चिकटवलाय! फोटोतल्या माणसाचं नाक पुसता येतं का?"

चित्र जोडणारी ओळ खोडून मी खरा आलेख जोडणारी लिहिली. नव्या स्लाइडवर स्तंभावर राइट-क्लिक करून ‘एडिट डेटा’ दाबलं, तर आकड्यांचा तक्ताच उघडला. मी दचकून हात मागे घेतला.

"चावत नाही तो," नात म्हणाली.

पाकिटात पेनड्राइव्हबरोबर चिठ्ठी घातली: "सभेला अजून आठवडा आहे. आकडा आता तुम्हीच बदला, माझ्या भरवशावर राहू नका."

"तिकीट लावा, नाहीतर पाकीटही हलायचं नाही!" नातीनं बजावलं.

लावलं, आणि टपालपेटीत टाकलं.