दहा खाटा भरलेल्या

मावशींनी चादर नाकाशी धरून हुंगली. घामाचा वास नाही, फिनेलचा नाही, डाग तर औषधालाही नाही. बाळंतिणींच्या वॉर्डातून आलेल्या दहाही चादरींच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं घालवलेल्या बाईशी चादर खोटं बोलत नाही. महिनाभर हेच चाललं होतं. मावशी जात्याच संशयी. दूधवाल्याने माप जास्त घातलं, तरी त्यांना त्यात पाणीच दिसायचं. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी त्यांना ‘वस्तीचा आवाज’ म्हणून सल्लागार समितीवर घेतलं, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “आवाज हवा असता, तर चार बुकं शिकलेली बघितली असती. यांना नंदीबैल हवाय.”

दुपारी समितीत साहेबांनी वाचून दाखवलं, “प्रसूती विभाग. दहा खाटा, महिनाभर दहाही भरलेल्या. मान्य?”

सगळ्यांच्या माना हलल्या. मावशींचीही हलली, सवयीने. जिना उतरेपर्यंत त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली.

जिन्याखाली त्यांची दिवस भरलेली सून बसली होती. पाय सुजलेले, पोटात कळा, हातात चिठ्ठी.

“खाट नाही म्हणाले, आई. इथे जा म्हणाले. तिथे पैसे आधी भरायचे म्हणे.”

चिठ्ठीवरचा पत्ता साहेबांच्या मेहुण्याच्या दवाखान्याचा होता. मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खाटा कागदावर भरायच्या, चादरी धुतल्याचं दाखवायचं, आणि बायका मेहुण्याकडे पाठवायच्या! गेल्या महिन्यात शेजारीण अशीच चिठ्ठी घेऊन पैशांसाठी दारोदार फिरली. तिचं बाळ वाटेतच गेलं.

“ऊठ,” मावशी म्हणाल्या. “हळू चल.”

त्यांनी वॉर्डाचं दार लोटलं. दहाच्या दहा खाटा रिकाम्या. सिस्टर धावत आली.

“मावशी, असं आत येता येत नाही. सगळ्या खाटांवर नावं लागलीत.”

“नावं दिसतायत. बायका कुठायत?”

सिस्टरची नजर रिकाम्या खाटांवरून फिरली.

“त्यांना घेऊन ये, पोरी. आल्या की हिला मी स्वतः उठवते.” मावशींनी सुनेला खिडकीजवळच्या खाटेवर बसवलं आणि तिचे पाय उचलून वर घेतले.

“साहेब तुम्हाला समितीवरून काढतील. नोकरीही जाईल.”

“जाऊ दे. मान हलवायची ती आज शेवटची हलवली.”

सिस्टर वळली आणि भराभर बाहेर गेली. साहेबांचे कान भरायलाच गेली असणार. मावशी खाटेपुढे पाय रोवून उभ्या राहिल्या.

सिस्टर परत आली ती रक्तदाबाचं यंत्र घेऊन. तिने सुनेच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

“कधीपासून दुखतंय?” तिने हळूच विचारलं.

सून सांगू लागली. मावशी मात्र दाराकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या.