डावा गाल

विदोसावाने पाहुण्यांना दारातच चाखायला द्यायच्या शिजवलेल्या गोड गव्हाचं ताट दोन्ही हातांनी छातीसमोर धरलं आणि कोपराने दार उघडलं. बाहेर नवऱ्याची मावसबहीण हात पसरून, ओठ पुढे करून उभीच होती. ताट मध्ये आलं. बिचारीने चमचाभर गहू तोंडात टाकला, उजव्या गालावर कसाबसा एक मुका टेकवला आणि आत गेली.

ताटाची ही युक्ती गेल्या वर्षीपासूनची. संत निकोलाचा सण म्हणजे या घराचा सण, अख्खं गाव येऊन जातं. आणि आमच्याकडे भेटताना मुके तीन, उजवा, डावा, पुन्हा उजवा. एक जरी कमी पडला तरी माणसं वर्षानुवर्षं मनात धरून बसतात. विदोसावाची सगळी गोम होती ती डाव्या गालात. दोन हिवाळ्यांपूर्वी तिथे नागीण उठली. फोड सुकले, पण दुखणं मात्र तळ ठोकून बसलं. वारा लागला तरी गालातून तापलेली तार ओढल्यासारखं व्हायचं. रुमाल नको, उशी नको. झिवादिनच्या, म्हणजे नवऱ्याच्या मिशा तर पार हद्दपार.

यंदा द्राक्षं उतरवून झाल्यावर शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, तीही उदासीवरची. विदोसावा भडकलीच. मी कुठे उदास आहे, माझा गाल दुखतोय, असं तिने तोंडावर सुनावलं. बाई शांतपणे म्हणाल्या, की हीच गोळी थोड्या मात्रेत घेतली तर बिथरलेली नसही निवते. मात्र गुण यायला आठवडे लागतात, आणि दारूला हात लावायचा नाही. झिवादिनने गोळ्या साखरेच्या बरणीमागे दडवल्या. गावाला कळलं तर बायकोला वेड लागलं म्हणतील, ही त्याची धास्ती. तोंडाला कोरड पडू लागली, सकाळी डोकं जड व्हायचं. पण एक दिवस ती बाजार करून आली आणि आरशासमोर थबकली. अगं बाई, डोक्याला, गालांवरून, घट्ट रुमाल बांधून आपण गावभर हिंडलो की! त्या दिवशी स्वयंपाकघरात ती एकटीच नाचली.

तरी गाल अजून कुणाला दिला नव्हता. तो ग्रोझ्दानासाठी राखून ठेवला होता.

ग्रोझ्दाना तिची कुमा. लग्नात साक्षीला शेजारी उभी राहिलेली, पुढे मुलाची धर्ममाता झालेली. कुमा म्हणजे सख्ख्या बहिणीहून जवळची. दोन वर्षांपूर्वी, तिचा नवरा मिलुतिन वारला त्या वर्षी, याच दारात तिचे ओठ डाव्या गालाला लागले मात्र, विदोसावाने तिला पाहुण्यांदेखत ढकलून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती समजूत काढायला गेली, तर ग्रोझ्दानाने दारच उघडलं नाही. मग हिलाही राग आला. गेल्या सणाला ती आली नाही. या सणाला बोलावणं धाडायची रीत नाही, ज्याला यायचं तो आपण होऊन येतो. त्यामुळे विदोसावा नुसती दाराकडे कान लावून होती.

दुपार कलता कलता ग्रोझ्दाना आली. वाळली होती. विदोसावाचे हात ताटाला घट्ट चिकटले. ग्रोझ्दानाने गहू खाल्ला, उजव्या गालावर एक मुका दिला आणि आपणहून मागे सरली. विदोसावाला रडूच फुटायचं बाकी होतं.

सण उपवासाच्या दिवसांतला, तेव्हा मांस चालत नाही, मासे चालतात, म्हणून मेजावर मासेच होते, गप्पांना ऊत आला होता. झिवादिन आलुबुखाऱ्याची दारू घेऊन फिरत होता. ग्रोझ्दानाने पेल्यावर हात ठेवला. झिवादिन हबकला. ही बाई भल्याभल्या पुरुषांना आडवं करून उठणारी! एक घोट तरी घे, संत निकोला काय म्हणेल, असं म्हणत तो मागेच लागला. तिने हात काढला नाही. समोर बसलेल्या विदोसावाचा पेलाही सकाळपासून भरलेलाच होता.

दिवेलागणीला विदोसावा स्वयंपाकघरात गेली आणि बरणीमागून गोळ्यांची पट्टी काढली. मागोमाग ग्रोझ्दाना पाणी मागायला आली. तिच्या मुठीतही पट्टी होती. तीच, त्याच नावाची.

विदोसावाने आपली पट्टी तिच्या पट्टीशेजारी धरली.

"तुझाही गाल?" विदोसावाने विचारलं.

"गाल? नाही गं. माझं मन." ग्रोझ्दाना खाली बघत म्हणाली. "मिलुतिन गेल्यापासून अंथरुणातून उठवत नव्हतं. अंघोळसुद्धा नाही. त्या सणाला कशीबशी आले होते, तर तू ढकललंस. म्हटलं, वास आला असेल हिला माझा. मग कुणालाच दार उघडलं नाही."

"वास? अगं येडे, मी गाल वाचवत होते!"

आणि विदोसावाने भडाभडा सगळं सांगितलं. नागीण, तापलेली तार, मिशांची हद्दपारी, गव्हाचं ताट. मिशांपाशी ग्रोझ्दानाला हसू फुटलं. विदोसावाच्या एकाच डोळ्यातून पाणी येत होतं, मग दोन्हीतून.

"दोन राहिलेत तुझे," ती म्हणाली आणि डावा गाल पुढे केला.

"दुखेल."

"दुखू दे."

ग्रोझ्दानाने श्वास रोखून ओठ टेकवले. चुणचुणलं, खाजकुइली लागावी तसं. तेवढंच. विदोसावाने डोळे उघडले आणि तिसऱ्याची वाट न बघता कुमाला घट्ट मिठी मारली.

झिवादिन बाटली घेऊन दारात आला, तर दोघी पाण्याचे पेले एकमेकींच्या पेल्यांना लावत होत्या.

"सणाच्या दिवशी पाणी?"

"हळू बोल, झिवादिन," ग्रोझ्दाना म्हणाली. "वेड्या बायका औषध घेतायत."

त्याने बरणीकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, आणि हळूच मिशीवरून बोट फिरवलं.

"तू रांगेत थांब," विदोसावा म्हणाली.

बाहेर कुत्रं भुंकलं. कोणीतरी बूट झटकत पायऱ्या चढत होतं. विदोसावा एप्रनला हात पुसत दार उघडायला धावली. ताट ओट्यावरच राहिलं.