गोवऱ्यांचा ढीग

माझ्या सरणासाठी मी कोणापुढे हात पसरणार नाही, हे मी आमच्या बंजारा तांड्याला केव्हाच सांगून ठेवले होते. म्हणून गोठ्याच्या आडोशाला माझ्या गोवऱ्यांचा ढीग असे. मी तांड्याच्या नायकाची बायको, नायकीण; त्याला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती.

चैत्रात सून शीला वावरातून कपाशीची एक पऱ्हाटी उपटून आली आणि तिने ती माझ्यापुढे ठेवली. मूळ जेमतेम बोटाएवढे.

"याडी, पानं जांभळी पडत होती ना, ते ह्याच्यानं," ती म्हणाली. आमच्यात याडी म्हणजे आई. "मुळाले स्फुरद भेटत नाही."

"दरवर्षी डीएपी खत टाकतो ना आपण?" मी विचारले.

"टाकतो. पण आपल्या वावरात चुनखडी हाये. ते डीएपीतल्या स्फुरदाले धरून बसते. शेणखतात जिवाणू घालून डीएपी त्याच्यासंग मुरवलं, तं पिकाले भेटन."

माझा मुलगा संजय दारातूनच ओरडला, "काही नाही, यंदा एक पोतं जास्त टाकू!"

हेच वाक्य मी दर हंगामात ऐकत आले होते. मला त्याचा कंटाळा आला होता.

"मग शेणखत कर," मी शीलेला म्हणाले.

ती खाली पाहू लागली. "शेण कुठी हाये, याडी? सारं तं तुमच्या गोवऱ्यायले जाते."

मी काठी घेतली आणि ढिगाकडे गेले. वरची गोवरी काढून गुडघ्यावर फोडली.

"खड्डा खणा," मी म्हणाले.

शेजारची शकुबाई कुंपणावरून वाकली. "काय वं नायकीण, आता तुले कायच्यावर जाळतीन?"

"तुझ्या जिभेवर. बारमाही पेटलेलीच असते."

ती हसत निघून गेली. संजयने खणले, शीलेने गोवऱ्यांचा चुरा, डीएपी आणि जिवाणूंचे पाकीट यांचे थर देत पाणी शिंपडले. उन्हाने माझे डोळे मिटत होते.

"थोड्याशा ठेवू का, याडी? तुमच्यासाठी?"

"अर्धवट सरण घेऊन मी काय करू? सगळ्या टाक. आणि उद्यापासून शेण थापायचे नाही."

हे बोलताना आवाज हवा तितका चढला नाही. कंबर धरली होती, म्हणून मी तिथेच मातीत बसले. शीलेने मला उठवण्यासाठी हात पुढे केला. त्या हातात मी पुढची गोवरी ठेवली.