मागच्या खिशातला कागद

मी एक जुनी फाईल आहे. निळी, प्लॅस्टिकची, बटण तुटलेली. मित्रांनो, मी अजून थरथरते आहे.

सहा वर्षांपूर्वी एका बस ड्रायव्हरच्या बायकोने मला विकत घेतलं. त्याचं पोट दुखायचं. आधी माझ्यात एकच कागद होता. मग रक्ताचे रिपोर्ट आले, सोनोग्राफी आली, दोनदा दुर्बिणीची तपासणी आली. शेरा एकच, नॉर्मल. डॉक्टर मला हातात तोलून म्हणायचे, "वा, किती व्यवस्थित ठेवलंय!" आणि आणखी एक तपासणी लिहून द्यायचे. मला अभिमान वाटायचा.

बायको मात्र धसका घ्यायची. "नॉर्मल म्हणजे सापडत नाहीये. मोठंच काहीतरी असणार."

आज सकाळी ड्रायव्हरने नोकरी सोडण्याचा अर्ज माझ्यात सरकवला. "दवाखान्यातून थेट डेपोत. चाळीस माणसांना भर रस्त्यात बसवून संडासला किती वेळा पळू?"

नव्या डॉक्टरीणबाईंनी मला उघडलंच नाही. बाजूला ठेवलं! असा अपमान माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

"दुखतं, मग जाऊन आलं की बरं वाटतं का?" त्यांनी विचारलं.

तो बायकोकडे बघू लागला.

"अहो, सांगा की! इथे काय लाजायचं?" बायको म्हणाली.

"वाटतं. पण हे आजवर कुणी विचारलंच नाही. लिहून मात्र ठेवलंय." त्याने माझ्या मागच्या खिशातून घडी काढली. कधी दुखलं, किती वेळा जावं लागलं, पातळ की घट्ट, सगळं तारीखवार.

मी हादरले. इतकी वर्षं मी तिला किराण्याची यादी समजत होते!

"रक्त पडतं? झोपेतून दुखून जाग येते? घरात कुणाला आतड्याचा आजार? वजन उतरलंय?"

"नाही हो. वजन फक्त फाईलचं वाढलंय," बायको म्हणाली.

बाईंनी माझ्यातले दोनच कागद पाहिले. "पुरे. याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. आतडं दिसायला ठीक, वागायला चिडकं. दुखणं खरं आहे, पण जिवावरचं नाही. आटोक्यात आणू."

सहा वर्षांत न रडलेली बायको तिथे रडली.

"आता दोन आठवडे खाणं आणि दुखणं, दोन्ही लिहा."

ड्रायव्हरने अर्ज काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर आजची तारीख घातली.

"अहो, तो डेपोत द्यायचा होता ना?"

"राहू दे. मागची बाजू कामाला आली."

मित्रांनो, मला जरूर जपा, माझे कोपरे दुमडू नका. पण डॉक्टरांपुढे बसलात की माझ्याआधी आपलं तोंड उघडा.