गाढवापाशी आठ गुरुवार

मुरागेने चर्चमधला बाक उलथवला त्या रविवारी प्रवचनाचा विषय क्षमा हा होता. पाद्रीबुवा म्हणाले, "बंधू मुरागेला देवाने आगीतून बाहेर काढलं, त्यात देवाचा काही हेतू असणार."

मुरागे उठला. "आणि गिटोंगाला आत ठेवलं, त्यात कुठला हेतू होता?" एवढं विचारून त्याने पुढचा बाक आडवा केला. त्यावरच्या तीन म्हाताऱ्या वेळेवर उठल्या म्हणून निभावलं.

सव्वीस वर्षं तो नाकुरूहून मोम्बासापर्यंत ट्रक चालवत होता. वर्षापूर्वी उतारावर ट्रक उलटून पेटला आणि जोडीचा ड्रायव्हर गिटोंगा आतच राहिला. तेव्हापासून मुरागे सगळ्यांवर ओरडे: रेडिओवर, किटलीवर, शिजायला वेळ लावणाऱ्या राजम्यावर. बायकोने चिनीमातीच्या बशा कुलपात ठेवून पत्र्याच्या काढल्या. डॉक्टरच्या गोळ्यांनी झोप येई, पण जाग आली की झोपवल्याचा राग येई.

बाकानंतर चर्चच्या मंडळींनी ठरवलं, याला न्जोरो रस्त्यावरच्या फार्मवर पाठवायचं. तिथे न्जांबी नावाची बाई गाढवांकरवी माणसांचा राग उतरवत असे. आठ गुरुवार जायचं.

"गाढवं?" मुरागे बायकोला म्हणाला. "वांगेची, जन्मभर ज्यांच्यावर हॉर्न मारला, त्यांच्याकडे आता सल्ला मागू?"

"न्जोकीचे बाबा, माणसांचं कधी ऐकलंत? मग आता हेच उरलंय. नाहीतर मी निघाले आईकडे, तुम्ही बसा किटलीशी भांडत."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा मुरागे गेला.

न्जांबी मॅडम तिशीच्या, केपटाऊनला शिकून आलेल्या. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. कुंपणात अकरा गाढवं होती, पाण्याच्या गाड्या ओढून मोडलेली. मुरागेच्या वाट्याला नीमा नावाची गाढवीण आली.

"बाबा, गाढव म्हणजे आरसा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या आत राग असेल तर ती जवळ येणार नाही. श्वास घ्या, आणि तिला मनातलं सांगा."

नीमाने त्याला नीट न्याहाळलं आणि पाठ फिरवली.

"हे तर माझी बायको घरीच करते," मुरागे म्हणाला. "त्यासाठी दोन गाड्या बदलून कशाला यायचं?"

दुसऱ्या गुरुवारी त्याने ट्रक धुवावा तसा तिला खरारा केला. तिसऱ्या गुरुवारी त्याच्या लक्षात आलं की ती डावा मागचा पाय टेकवत नाही.

"मॅडम, ही लंगडतेय."

"ती तुमचं ओझं वाहतेय, बाबा. मुकी जनावरं आपलं दुःख अंगावर घेतात."

"माझं दुःख हिच्या खुरात कसं शिरेल? खिळा असणार."

"आपण लगेच दुरुस्तीच्या मागे लागतो. जरा भावनेपाशी थांबूया."

"तुम्ही भावनेपाशी थांबा. मी खुरापाशी थांबतो."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला आणि त्या शेडकडे गेल्या. मुरागेने पिशवीतून पक्कड काढून पाय उचलला. नीमाने मांडीवर सणसणीत लाथ हाणली. कुणी खुर्ची सरकवली तरी भडकणारा मुरागे खाली बसून मांडी चोळत राहिला. राग काही आला नाही. खुरात खिळा असल्यावर लाथ मारणं त्याला अगदी वाजवी वाटलं.

पुन्हा पाय धरला. तो बोलत राहिला की तिचे कान त्याच्याकडे वळत आणि पाय सैल पडे. थांबला की ती पाय ओढून घेई. म्हणून तो बोलतच राहिला. काय बोलणार? रस्ता सांगू लागला. कुठे चहा चांगला, कुठे पोलीस अडवतात. होता होता तो उतार आला. थांबायची सोय नव्हती, खिळा अर्धा बाहेर आला होता.

"त्या दिवशी पाळी त्याची होती. मीच म्हटलं, तू रेंगाळतोस, दे इकडे. माझ्या बाजूचं दार उघडलं. त्याचं खाली दबलं होतं."

खिळा निघाला. बोटाच्या पेराएवढा, गंजका. मागून पू वाहिला.

शेडमधून मॅडमचा आवाज येत होता, आणि आता वाकायची गरज नव्हती. "बुरशी आलेलं गवत देतोस? तुझ्याच घशात कोंबीन!" दहा गाढवं पार कुंपणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

जरा वेळाने त्या केस सारखे करत आल्या. "तर, बाबा, आज गिटोंगाबद्दल बोलायचं?"

"बोलून झालं."

"कुणाशी?"

मुरागेने खिळा दाखवला. मॅडमनी वहीत लिहिलं: विषय अजूनही टाळतात, दुरुस्तीच्या आड लपतात.

उरलेले पाच गुरुवार तो कानस आणि मलम घेऊन गेला आणि चव्वेचाळीस खूर तपासून आला. घरी किटलीवरचं ओरडणं काही थांबलं नाही.

पण तिसऱ्या गुरुवारनंतरच्या शनिवारी तो मोलोला गिटोंगाच्या घरी गेला. दफनानंतर त्या घराकडे त्याने पाऊल टाकलं नव्हतं. गिटोंगाच्या बायकोने, गथोनीने, दार उघडलं.

"वर्ष लागलं?" म्हणाली, आणि दारातच अर्धा तास त्याला झापलं. शेजारणी बाहेर आल्या. मुरागे मान खाली घालून उभा. मग तिने आत घेतलं, चहा ओतला.

"स्टेअरिंग मी मागून घेतलं होतं, वहिनी," तो म्हणाला. "पाळी त्याची होती."

तिने किटली खाली ठेवली. "शेवटी काय म्हणाला? पाद्रीबुवा सांगतात, देवाचं नाव घेतलं."

"नाही घेतलं. म्हणाला, तुला ट्रक कुणी दिला रे, तू बैल हाकायच्या लायकीचा."

गथोनी हसली. "हां, हा तोच." हसता हसता तिला रडू फुटलं, आणि खांद्यावरच्या कांग्याच्या, त्या छापील ओढणीच्या, टोकाने तिने तोंड पुसलं. मुरागे समजूत घालायला गेला नाही. कप रिकामा झाला तेव्हा तिने न विचारता पुन्हा भरला.